फाईल क्लार्क ते अभिलेख विभाग: मधल्या वाटेत नेमकं काय शिकतो आपण?

टाचणी
नमस्कार मंडळी,
गेली सहा वर्षं मी एका मोठ्या संस्थेच्या रेकॉर्ड रूममध्ये फाईल क्लार्क आहे. आता आमच्याच अभिलेख विभागात वरची जागा निघाली आहे आणि साहेबांनी अर्ज करायला सांगितलंय. अर्जात एक रकाना आहे, 'आत्मसात केलेली कौशल्ये'. त्यात लिहिलं, 'फायली लावणे, फायली शोधून देणे'. पुढे काही सुचेना.

सहा वर्षांपूर्वीही मी हेच करत होते. पण तेव्हा एकेका फाईलमागे अर्धा दिवस जायचा. आता दारातल्या माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत कुठल्या रॅककडे वळायचं ते मला ठाऊक असतं. याला काय नाव द्यायचं? 'अनुभव' फार मोघम वाटतं. शिवाय वरच्या जागेवर गेल्यावर हे उपयोगी पडतं की तिथे सगळं नव्यानेच शिकावं लागतं, हेही कळत नाही. जे या वाटेने गेलेत त्यांनी कृपया सांगा.

जुनाकप्पा
टाचणीताई, चौतीस वर्षं याच कामात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हात कसा चुकतो हे ओळखायला आपण सगळ्यात आधी शिकतो. फाईल हरवली असं लोक म्हणतात, पण बहुतेक वेळा ती भलत्या जागी गेलेली असते, आणि भलत्या जागी जाण्याच्या तऱ्हा मोजक्याच. ४७३८ जागेवर नसेल तर ४७८३ बघायची, मग ४३७८. घाईत लिहिलेला १ पुष्कळदा ९ वाचला जातो. शेजारच्या जाड फाईलच्या पोटात हात घालून बघायचं, पातळ फाईल तिथे सरकलेली असते. तेही झालं की रजिस्टर उघडायचं. शेवटी कुणी नेली होती, आणि त्याच दिवशी त्याने आणखी कुठल्या नेल्या होत्या? चार फायली एकत्र परत आल्या असतील तर चौथी उरलेल्या तिघींपैकी कुणाच्या तरी शेजारी सापडते. हे कुणी शिकवत नाही, पण ही सरळसरळ तपासाची पद्धत आहे आणि अर्जात तशीच लिहायला हवी.

दुसरं, मांडणीमागचं कारण कळणं. मी लागलो तेव्हा आमच्याकडे शेवटच्या आकड्यांनी फायली लावायचे. १२-३४-५६ असा क्रमांक असेल तर आधी ५६ चा विभाग, त्यात ३४, मग १२. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण सरळ क्रमाने लावलं तर सगळ्या नव्या फायली शेवटच्या रॅकवर साचतात आणि काम करणारे सगळे तिथेच एकमेकांना धडकतात. शेवटच्या दोन आकड्यांनी लावलं की नव्या फायली ०० ते ९९ अशा शंभर विभागांत आपसूक पसरतात. रुग्णालयांत ही पद्धत बरीच वापरली जाते. आकड्यांना रंगीत पट्ट्या लावल्या तर चुकलेली फाईल दहा पावलांवरून दिसते. हे 'का' ज्याला कळलं, तो उद्या नवी खोली लावू शकतो. नुसतं 'कसं' कळलेला जुन्या खोलीतच अडकतो.

सुईदोरा
जाड फाईलच्या पोटातली पातळ फाईल... काका, माझी सगळी पहिली वर्षं तुम्ही एका वाक्यात मांडलीत!

तारीखवार
जुनाकप्पा, तपासाच्या पद्धतीबद्दल शंभर टक्के मान्य. पण टाचणीताईंनी ज्याचं कौतुक केलंय, वाक्य पुरं होण्याआधी रॅककडे वळणं, ते मला काळजीचं वाटतं. ती त्यांच्या डोक्यातली सूची आहे, आणि संध्याकाळी त्या घरी गेल्या की सूचीही घरी जाते. त्या रजेवर असताना दुसऱ्याला फाईल मिळत नसेल तर तो खोलीचा दोष आहे. क्लार्क आणि अभिलेख व्यवस्थापक यांच्यातला मोठा फरक माझ्या मते हाच, की व्यवस्थापक स्वतःच्या आठवणीवर काम चालू देत नाही. ती कागदावर उतरवतो.

सूची नसली तर काय होतं याचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्राची आग, १२ जुलै १९७३. सैन्यातल्या लोकांच्या सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवा-फायली गेल्या. दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती, आणि त्या फायलींची सूचीही केलेली नव्हती. त्यामुळे नेमक्या कुणाच्या फायली जळाल्या याची पूर्ण यादी करणंही शक्य झालं नाही. नंतर कुणाला सेवेचा पुरावा लागला की पगाराच्या नोंदींसारख्या दुसरीकडच्या कागदांवरून एकेक माणसाची माहिती जुळवत बसावं लागलं. कागद जळाले ते जळालेच, पण काय जळालं हेसुद्धा सांगता येऊ नये, हे मला कायम जास्त लागतं.

जुनाकप्पा
तारीखवार, पटलं. निवृत्तीच्या आधी वर्षभर मी एक वही लिहीत होतो, तिचं कारण हेच. त्यात क्रमांक फारसे नव्हते, नावं होती. आमच्या एका विभागाचं नाव तीनदा बदललं, पण लोक अजून पहिल्याच नावाने फाईल मागायचे. एका प्रकल्पाची फाईल कागदोपत्री एका नावाने आणि तोंडी चौथ्याच नावाने. ही सगळी नावं मी उलटसुलट नोंदवली: 'हे नाव ऐकलं तर तिथे पाहा.' ज्याला सूची करायची त्याने लोक कुठल्या शब्दांनी मागतात ते आधी ऐकावं. आणि ते ऐकायला खिडकीवर बसलेला क्लार्कच लागतो, म्हणून टाचणीताईंच्या डोक्यातल्या सूचीला मी कमी लेखणार नाही.

तारीखवार
'हे नाव ऐकलं तर तिथे पाहा' ही अख्ख्या धाग्यातली सगळ्यात उपयोगी ओळ. मान्य, खिडकीवरच्या माणसाशिवाय ती लिहिता येत नाही.

धूळपाटी
खिडकीवरूनच आठवलं. माणूस मागतो ती फाईल आणि त्याला लागते ती फाईल यांत फरक असतो, हे उमजणं हे माझ्या मते खूप वरचं कौशल्य आहे. एकदा एक अधिकारी सलग तीन दिवस येऊन एका कराराची फाईल मागत होते. दर वेळी मी तीच द्यायचे, ते चाळून परत करायचे आणि चिडून जायचे. चौथ्या दिवशी मी विचारलं, "सर, यातून तुम्हाला नेमकं काय सिद्ध करायचंय?" मंजुरी कुणी आणि कोणत्या तारखेला दिली, हे त्यांना हवं होतं. ते करारात नसतंच. ते आधीच्या टिपणीत असतं, आणि टिपणी दुसऱ्या विभागाच्या फायलीत. पाच मिनिटांत काम झालं.

तेव्हापासून 'कुठली फाईल?' याच्या जोडीला 'कशासाठी?' हेही विचारते. नम्रपणे विचारलं तर कुणाला राग येत नाही.

बाइटबुवा
सगळं छान, पण रॅक आणि रंगीत पट्ट्यांचे दिवस आता थोडेच राहिले. टाचणी, वरच्या जागेसाठी संगणकावरच्या नोंदी शिका. नाव देण्याची शिस्त, मेटाडेटा (म्हणजे फायलीबद्दलची माहिती: कुणी केली, कधी, कशाबद्दल), आवृत्त्या. साधी गोष्ट: तारीख २०२४-०३-०७ अशी वर्ष आधी धरून लिहिली की फायली आपोआप कालक्रमाने लागतात. हा आयएसओ ८६०१ या तारीख लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा नमुना. ०७-०३ लिहिलं तर कुणी सात मार्च वाचेल, कुणी तीन जुलै.

कायम ठेवायचे दस्तऐवज पीडीएफ/ए मध्ये, म्हणजे दीर्घकाळ जपणुकीसाठीच्या पीडीएफ प्रकारात ठेवा. त्यात अक्षरांचे फॉन्ट फायलीच्या आतच साठवलेले असतात आणि पासवर्डचं कुलूप चालत नाही, त्यामुळे वीस वर्षांनी ती फाईल आपल्या आजच्या यंत्रावर अवलंबून राहत नाही. आणि चेकसम शिका. फायलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेली एक लांबलचक खूण असते ती. एक स्वल्पविराम बदलला तरी खूण पूर्ण बदलते. आज काढून ठेवली, पाच वर्षांनी पुन्हा काढली, दोन्ही जुळल्या, तर मधल्या काळात फायलीला धक्का लागलेला नाही. कागदी फायलीत एखादं पान बदललं तर इतक्या खात्रीने सांगता येईल का?

कागदकीडा
बाइटबुवा, चेकसमबद्दल आक्षेप नाही. पण चेकसम एवढंच सांगतं की फाईल बदललेली नाही. ती मुळात बरोबर होती का, हे ते कसं सांगणार?

मी जिथे होतो तिथे जुने कागद स्कॅन करायचं काम बाहेर दिलं होतं. पाठपोट लिहिलेली पानं एकाच बाजूने स्कॅन झाली. दुमडलेले कोपरे तसेच. चिकटवलेल्या चिठ्ठीखालचा मजकूर चिठ्ठीखालीच राहिला. आणि कुणी ताडून बघायच्या आत मूळ कागद नष्ट केले. आज त्या अर्ध्या फायलींचे चेकसम अगदी तंतोतंत जुळतात. त्या खोलीत रोज कागद हाताळणारी एक क्लार्क होती. ती पहिल्या दिवसापासून सांगत होती की आमच्या कार्यालयात पानाच्या मागेही लिहितात. तिचं कुणी ऐकलं नाही. मीही जोर लावला नाही, आणि ते मला आजही बोचतं.

तेव्हा टाचणीताई, स्कॅनिंगची तपासणी हे कौशल्य जरूर लिहा. पानं मोजणं, मागची बाजू बघणं, मूळ कागदाशी ताडून सही करणं. कागद ओळखणाऱ्याशिवाय ते कुणाला जमत नाही.

बाइटबुवा
हे ऐकून वाईट वाटलं. खरं आहे, ताडून पाहिल्याशिवाय मूळ कागदाला हात लावूच नये. मी शब्द बदलतो: रॅकवाल्यांनी संगणक शिकावा आणि संगणकवाल्यांनी आधी सहा महिने रॅकवर काढावेत.

सुईदोरा
थोडं अवांतर. कागद भिजले तर काय करावं? आमच्याकडे छत गळून दोन खोकी ओली झाली होती. आम्ही घाईघाईने पानं सुटी करायला गेलो आणि ती फाटली.

कागदकीडा
ओला कागद कमजोर असतो, सुटा करायला जाऊ नये. थोडी पानं असतील तर सपाट पसरून, हवा खेळती ठेवून सुकवा. ऊन नको, हीटर नको. खूप असतील तर वेळेशी झुंज असते, कारण साधारण दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. अशा वेळी गठ्ठे आहेत तसे गोठवतात. गोठवल्यावर बुरशीची वाढ थांबते आणि सावकाश निर्णय घ्यायला उसंत मिळते. वर ज्या सेंट लुईसच्या आगीचा उल्लेख आला, तिथे आग विझवायच्या पाण्याने भिजलेले कागद निर्वात कक्षांत ठेवून सुकवले होते.

एरवीची काळजी साधीच: गंजणाऱ्या पिना काढा, चिकटपट्टी लावू नका, कागदावर खूण करायची तर पेन्सिलने. टाचणीताई, तुमच्या नावाबद्दल तक्रार नाही, पण खरी टाचणी कागदात ठेवू नका :)

टाचणी
कागदकीडा, आजपासून नावापुरतीच टाचणी! सगळ्यांचं वाचतेय, वहीत उतरवतेय.

अक्षरवेल
उशिरा आले. सगळ्यांनी ठेवण्याबद्दल आणि शोधण्याबद्दल लिहिलंय. मला फेकण्याबद्दल लिहायचंय, कारण माझ्या अनुभवात क्लार्कची अधिकारी होते ती तिथे.

नको असलेले कागद निवडून काढण्याला आमच्याकडे निंदणी म्हणतात. शब्द शेतातला, तण काढायचा. तण ओळखायला आधी पीक ओळखावं लागतं. प्रत्येक प्रकारचा कागद किती काळ ठेवायचा याचं कोष्टक असतं, आणि नव्या माणसाला वाटतं की ते वाचून तारीख काढायची, झालं. मीही तसंच केलं. करारांच्या एका गठ्ठ्याला 'सात वर्षे' लिहिलं होतं. मी फाईल उघडल्याच्या तारखेपासून सात मोजली आणि यादी नष्ट करायला पाठवली. माझ्या वरिष्ठ बाईंनी ती परत आणून टेबलावर ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, "सात वर्षं कधीपासून?" करार संपल्यापासून! त्यातले चार करार तर तेव्हा चालूच होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

मुदत किती, यापेक्षा ती कोणत्या घटनेपासून सुरू होते हे महत्त्वाचं. करार संपला, कर्मचारी नोकरी सोडून गेला, प्रकरण बंद झालं. ती घटना आपल्या विभागाला कोण कळवणार? बहुतेक ठिकाणी कुणीच कळवत नाही. मग प्रत्येक विभागात जाऊन, ओळखी करून, विचारून घ्यावं लागतं. एखाद्या विषयावर वाद किंवा चौकशी सुरू झाली असेल तर मुदत संपली तरी त्या फायलींना हात लावायचा नाही, हेही आपणच लक्षात ठेवायचं. आणि नष्ट केल्यावर काय, कधी, कुणाच्या परवानगीने नष्ट केलं, याची नोंद मात्र जपून ठेवायची. तारीखवारांनी सांगितलेली आग आणि रीतसर निंदणी यांत हाच फरक आहे.

मोकळीक
थोडा विरोध करते. साठवण स्वस्त झालीय, मग सगळंच ठेवलं तर काय बिघडलं? चुकून फेकण्यापेक्षा बरं.

अक्षरवेल
मोकळीक, मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. पण त्या ढिगात माणसांचे आजार, कर्जं, तक्रारी, घरचे पत्ते असतात. काम संपल्यावरही ते पडून राहिले आणि उद्या फुटले, तर ज्याची माहिती बाहेर गेली त्याला काय सांगणार? जागा होती म्हणून ठेवलं? शिवाय ढीग जितका मोठा, तितकी कामाची फाईल हाती लागायला उशीर.

शोधयात्री
माणसांच्या माहितीवरून: नाही म्हणता येणं. एक बरेच वरचे साहेब एका सहकाऱ्याची वैयक्तिक फाईल 'सहज बघायला' मागत होते. मी विचारलं, "लेखी मागणी आणि कारण मिळेल का, म्हणजे रजिस्टरात नोंद करता येईल?" ते परत आले नाहीत. आवाज न चढवता, नियमाचं बोट धरून नाही म्हणणं मला जमायला नऊ वर्षं लागली. आणि फायलींत जे वाचलं ते कुठेही न बोलणं, हे तर पहिल्या दिवसापासून. अर्जात हे कसं लिहायचं ते मात्र तारीखवारांनी सांगावं.

मूळसंच
मी अभिलेखागारात काम करते, म्हणजे मुदत संपल्यावर जे कायमचं ठेवायचं ठरतं ते आमच्याकडे येतं. एक गोष्ट कुणी लिहिली नाही: हात न लावणं.

चोविसाव्या वर्षी माझ्याकडे एका अधिकाऱ्याचा पत्रव्यवहार आला होता. गबाळा वाटला. मी आठवडाभर बसून विषयवार सुंदर लावला. मग एक अभ्यासक आले आणि विचारू लागले की हे पत्र कुठल्या पत्राचं उत्तर आहे? मूळ गठ्ठ्यात ती दोन्ही एकमेकांवर ठेवलेली होती. मी ती वेगळी केली होती, आणि पुन्हा जुळवायला काही खूणच उरली नव्हती.

एका कार्यालयाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळू नयेत, हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ च्या परिपत्रकाने घालून दिलं. १८९८ मध्ये तिघा डच अभिलेखपालांनी लिहिलेल्या नियमपुस्तिकेने मूळ क्रम जपण्यावरही भर दिला. मी ते वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. कळलं मात्र त्या अभ्यासकांसमोर उभी असताना. म्हणून क्लार्कच्या खोलीतून येणाऱ्यांना मी मुद्दाम विचारते: हे कागद कुणी, कशासाठी, कुठल्या क्रमाने ठेवले होते? हे सांगणारी माणसं आम्हाला सोन्यासारखी असतात.

जुनाकप्पा
मूळसंच, आमच्याकडून तुमच्याकडे गठ्ठे जायचे तेव्हा आम्ही दोरी बदलून, चकचकीत करून पाठवायचो. आज कळतंय की दोरीबरोबर काय काय गेलं असेल.

तारीखवार
शोधयात्रींनी हाक मारली आहे, आणि मूळ प्रश्नही अर्जाचाच होता, तर त्याकडे वळतो. टाचणीताई, आयएसओ १५४८९ हे अभिलेख व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, २००१ चं, २०१६ मध्ये सुधारलेलं. त्यात विश्वासाच्या नोंदीचे चार गुण सांगितलेत: ती अस्सल असावी, विश्वासार्ह असावी, अखंड असावी आणि वापरता यावी. आता स्वतःची सहा वर्षं या चारांत घालून बघा. रजिस्टरात कुणी काय नेलं ते लिहिलंत, पानं मोजून परत घेतलीत: अखंडता. मागणीमागचं कारण ओळखून योग्य फाईल दिलीत: वापर. शोधयात्रींचं 'नाही' हे अनधिकृत हातांपासूनचं रक्षण. तुम्ही हे सगळं करतच होतात, फक्त त्याला नाव नव्हतं.

आणि अर्जात विशेषणं नकोत, प्रसंग लिहा. कुठली अडचण होती, काय बदललंत, मग काय झालं.

टाचणी
उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. अर्ज गेला आणि मुलाखतही झाली.

'फायली शोधून देणे' खोडलं. त्याजागी गेल्या वर्षीचा एक प्रसंग लिहिला: दोन विभाग एकत्र झाले तेव्हा दोघांचेही क्रमांक १ पासून सुरू होत होते, आणि रोज चुकीची फाईल दिली जायची. मी क्रमांकांआधी विभागाची खूण लावायला सुचवलं आणि जुन्या-नव्या क्रमांकांची वही केली. हे मला कौशल्य वाटलंच नव्हतं, रोजची कटकट संपावी म्हणून केलं होतं.

मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "फाईल सापडली नाही तर काय कराल?" मी ४७३८ आणि ४७८३ पासून सुरुवात केली, जाड फाईलच्या पोटापर्यंत गेले, आणि शेवटी म्हणाले की तरीही नाही मिळाली तर ती मिळाली नाही हे तारखेसकट लिहून ठेवेन, कुठे कुठे शोधली तेही. त्यांनी मान वर करून विचारलं, "हे शेवटचं कुणी शिकवलं?" सेंट लुईसचं सांगितलं. मग त्या बराच वेळ त्याच विषयावर बोलत होत्या.

निकाल यायचाय. तोवर काल एक नवी मुलगी आमच्या खोलीत रुजू झाली आहे. तिला कुठून सुरुवात करून देऊ?

धूळपाटी
पहिला आठवडा फक्त परत आलेल्या फायली जागेवर लावू दे. दिवसाच्या शेवटी तिच्याबरोबर दहा तपास. चुकलेली निघाली तर ओरडू नकोस, ती कशी चुकली ते तिलाच सांगू दे.

जुनाकप्पा
आणि एक कोरी वही दे तिला. लोक फायली कुठल्या नावाने मागतात ते पहिल्या दिवसापासून लिहू दे. आपल्याला सवयीने जे ऐकू येईनासं झालंय, ते तिला अजून ऐकू येतं.